पाण्याचा मोठा झोत आणि गंजीची आग

रब्बी ज्वारीची काढणी आटोपली म्हणजे गावोगाव कडब्याच्या गंज्या रचल्या जातात. वर्षभराच्या वैरणीची ही सारी पुंजी बहुधा गोठ्याला लागून, वाऱ्याच्या तोंडी व कित्येकदा विजेच्या तारांखालीच उभी असते. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनच्या सुड्या व वेचलेल्या कापसाचे ढीग यांची स्थितीही याहून निराळी नसते. अशा ठिकाणी ठिणगी पडली म्हणजे गावातील माणसे घागरी, बादल्या घेऊन धावतात, विहिरीवरील पंप सुरू करतात आणि तालुक्याच्या बंबाची वाट पाहत राहतात. बंब आला, त्यावरील तोफेसारख्या यंत्रातून पाण्याचा प्रचंड झोत सुटला, की आग हटकून विझणार, असा समज सर्वत्र रूढ आहे. हा समज अर्धाच खरा आहे. मोठा झोत कोणत्या कामाचा व कोणत्या कामाचा नव्हे, आणि तो चालू राहावा यासाठी शेतकऱ्याने आधीपासून काय करून ठेवावे, हे समजून घेतल्यास वैरणीचा बराचसा भाग वाचू शकतो.

झोताचे गणित

बागेला पाणी देताना नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी दूर उडते, हा सर्वांच्या अनुभवाचा प्रकार आहे. तोंड अरुंद झाल्याने पाण्यावरील दाबाचे वेगात रूपांतर होते. अग्निशमनाच्या नळीला टोकाशी जी निमुळती तोटी, म्हणजे नोझल, बसविलेली असते तिचे कार्य हेच. तोटीतून किती पाणी बाहेर पडेल याचा अंदाज काढण्याची एक सोपी रीत आहे. तोटीच्या तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, त्यास बारमध्ये मोजलेल्या दाबाच्या वर्गमुळाने गुणावे व येणाऱ्या संख्येचा दोन-तृतीयांश घ्यावा. उत्तर मिनिटास लिटर या मापात मिळते. एक बार म्हणजे सुमारे १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब होय.

या रीतीने पाहता, १२ मिमी तोंडाच्या तोटीतून ३ बार दाबाखाली मिनिटास सुमारे १६५ लिटर पाणी निघते. २० मिमीच्या तोटीतून ५ बार दाबाखाली सुमारे ६०० लिटर, तर ३८ मिमीच्या तोटीतून ७ बार दाबाखाली सुमारे २,५०० लिटर पाणी बाहेर पडते. हा शेवटचा आकडा ज्यास अग्निशमन दलात मॉनिटर म्हणतात त्या यंत्राचा आहे. सामान्य लोक त्यालाच पाण्याची तोफ म्हणतात. या झोताचा वेग तोटीपाशी सेकंदास सुमारे ३७ मीटर, म्हणजे ताशी १३० किलोमीटरहून अधिक असतो, व वारा नसताना तो पन्नास मीटरपलीकडे जाऊ शकतो.

पाणी पुढे ज्या जोराने जाते त्याच जोराने ते तोटीला मागे रेटते. बारा मिमीच्या तोटीचा वर सांगितलेला रेटा सुमारे ७ किलो वजनाइतका असतो. तो एक माणूस सहज सांभाळतो. वीस मिमीच्या तोटीचा रेटा ३२ किलोच्या आसपास जातो व तिथे दोन-तीन माणसे लागतात. तोफेचा रेटा १६० किलोच्या घरात असतो. तो कोणाही माणसाच्या हातात राहणे शक्य नाही. म्हणूनच ही तोफ वाहनाच्या टपावर, बंदरातील अग्निशमन नौकेवर किंवा जमिनीवर रोवलेल्या पायांच्या बैठकीवर घट्ट बसवितात आणि हातचाकाने अथवा दांड्याने तिचे तोंड फिरवितात. एका नळीतून इतके पाणी नेऊ लागल्यास घर्षणातच दाब खर्ची पडतो. कारण नळी तीच असता पाणी दुप्पट केले की घर्षणाची हानी चौपट होते. यास्तव तोफेला दोन, तीन किंवा चार नळ्या एकत्र जोडून पाणी पुरवितात.

या यंत्राची थोरवी कोठवर जाऊ शकते याचे एक उदाहरण न्यूयॉर्क शहराचे देता येईल. तेथील अग्निशमन दलाने १९६५ मध्ये ‘सुपर पंपर’ नावाची यंत्रणा कामावर आणली. तिच्या पंपाची क्षमता मिनिटास ८,८०० अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ३३,००० लिटर होती. समुद्र व नद्या यांनी वेढलेल्या शहरात अशा पंपाला पाण्याची वाण पडत नाही. आपल्याकडील खेड्यात मात्र तोफेपेक्षा पाण्याचीच वाण अधिक असते, आणि सारी अडचण तेथूनच सुरू होते.

गाठीतील आग: मुंबई बंदराचे उदाहरण

पाणी पुष्कळ असूनही आग का विझत नाही, याचा सर्वांत दारुण दाखला मुंबईतच घडलेला आहे. १२ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत येऊन लागले. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्याबरोबर कराचीस भरलेल्या सुमारे ८,७०० कापसाच्या गाठीही होत्या. १४ एप्रिलला दुपारी जहाजाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारातून धूर निघताना दिसला. बंब आले, अग्निशमन नौका आल्या, नऊशे टनांहून अधिक पाणी जहाजात ओतले गेले. परंतु दाट धुरामुळे आगीचे मूळ नेमके कोठे आहे ते सापडेना. आत साठलेले पाणी उष्णतेने उकळू लागले. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला प्रचंड स्फोट झाला. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या घटनेतील ध्यानात घेण्याजोगी बाब कापसाच्या गाठींची आहे. पाणी ही उष्णता शोषणारी उत्तम वस्तू होय. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत तापताना सुमारे ७५ किलोकॅलरी उष्णता घेते, आणि त्याची संपूर्ण वाफ होताना आणखी सुमारे ५४० किलोकॅलरी घेते. त्या वाफेचे आकारमान मूळ पाण्याच्या सुमारे १,७०० पट होते. म्हणजे पाण्याचे खरे सामर्थ्य वाफ होण्यात आहे, व त्यासाठी ते जळत्या भागापर्यंत पोचले पाहिजे. जे पाणी गाठीच्या अंगावरून वाहून गेले ते जवळजवळ वाया गेले.

कापसाच्या धाग्यावर निसर्गतःच मेणाचा सूक्ष्म थर असतो, त्यामुळे कच्ची रुई पाण्यावर टाकली असता लवकर भिजत नाही. दवाखान्यातील कापूस चटकन पाणी शोषतो याचे कारण तो मेण काढून तयार केलेला असतो. घट्ट दाबलेल्या गाठीत आग आत शिरली की ज्वाळा न दाखविता ती कित्येक दिवस धुमसू शकते. कडब्याच्या गंजीची रचनाही पाणी बाहेर टाकण्यासाठीच केलेली असते. पावसाचे पाणी आत शिरू नये म्हणून शेतकरी जी कसोशी करतो, तीच आगीच्या वेळी त्याच्या विरुद्ध जाते.

गंजीवर तोफ चालविण्यातील धोका

मोकळ्या कापसाच्या ढिगावर किंवा पेंढ्यांच्या गंजीवर जवळून तोफेचा सरळ झोत मारला तर काय होते, हे जिनिंग कारखान्यांच्या आवारात पुष्कळांनी पाहिलेले असेल. ढीग फुटतो, जळते बोळे व पेंढ्या वाऱ्यावर उडून शेजारच्या ढिगांवर जातात, आणि फुटलेल्या जागेतून आत हवा शिरून दबलेली आग एकाएकी पेट घेते. एकाचे चार ढीग पेटण्यास इतके पुरे असते.

याउलट पाण्याचे बारीक थेंब केले तर तेच पाणी अधिक उष्णता शोषते. एक लिटर पाण्याचे एक मिमी व्यासाचे थेंब केल्यास त्यांचा एकूण पृष्ठभाग ६ चौरस मीटर होतो, थेंब ०.१ मिमीचे केल्यास तो ६० चौरस मीटर होतो. परंतु बारीक तुषार दूर जात नाहीत, वारा व ज्वाळांचा वर जाणारा लोट त्यांना उडवून लावतो. मोठ्या झोताची उपयुक्तता येथे लक्षात येते. जिथे उष्णतेमुळे माणूस जवळ जाऊ शकत नाही, तिथे लांबून ज्वाळा खाली बसविणे आणि शेजारची छपरे, गोठे व गंज्या भिजत ठेवणे, ही त्याची कामे होत. ज्वाळा बसल्यावर मात्र तोफ बंद करून कमी दाबाचा तुषार हाती घ्यावा व माणसांनी दाताळे, पंजे घेऊन गंजी थराथराने उकलावी, प्रत्येक थर पसरून भिजवावा. झोताने गंजी भेदण्याचा हट्ट धरणे म्हणजे पाणी व वेळ दोन्ही गमाविणे होय.

संपूर्ण गंजी चहूबाजूंनी पेटली असेल तर ती वाचविण्याचा प्रयत्न सोडून द्यावा, हेच बहुधा शहाणपणाचे ठरते. मनाला हे रुचत नाही, हे खरे. तथापि त्या वेळी हाताशी असलेले थोडे पाणी शेजारच्या न पेटलेल्या गंजीवर वापरले तर निदान तेवढी वैरण व गोठ्यातील जनावरे हाती लागतात. जनावरांची दावी मात्र पाण्याचा विचार करण्यापूर्वीच सोडावीत.

शेतकऱ्याजवळची साधने

पाच अश्वशक्तीचा विहिरीवरील पंप २० मीटर उंचीवर मिनिटास साधारण ५०० लिटर पाणी देतो. वर वर्णिलेल्या तोफेच्या पाण्यात प्रत्यक्ष सुमारे ४० अश्वशक्ती असते, आणि पंपातील हानी धरता तिला ६० ते ७० अश्वशक्तीचे इंजिन लागते. यावरून सिंचन पंपाला अरुंद तोटी बसवून त्याची तोफ बनविता येईल ही अपेक्षा व्यर्थ आहे, हे उघड होईल. तोंड अरुंद केल्यास धार थोडी दूर जाईल, पण पाणी घटेल. सिंचन पंपाचे बळ पाण्याच्या प्रमाणात आहे, दाबात नाही. त्याने हौद भरावा, गंजीभोवतीची जमीन व वाळलेले गवत भिजवावे.

द्राक्ष व डाळिंब बागायतदारांकडे औषध फवारणीचा एचटीपी पंप असतो. त्याचे गुण नेमके उलट आहेत. दाब पुष्कळ, पाणी थोडे. बांधावरील गवताची आग, उडून पडलेल्या ठिणग्या, गंजीच्या कडेला नुकतीच धरलेली ज्वाळा यांवर तो फार चांगला चालतो, व ट्रॅक्टरवर असल्याने चटकन जागेवर नेता येतो. भर उन्हाळ्यात त्याची टाकी स्वच्छ धुऊन पाण्याने भरलेली ठेवण्यास काहीच खर्च येत नाही. फवारणीच्या वेळी औषधात मिसळतात ते पसरविणारे द्रव्य लिटरमागे एक मिलिलिटर या प्रमाणात टाकल्यास पाणी कापसात व कडब्यात अधिक शिरते. ते नसेल तर कपडे धुण्याच्या साबणाचे पाणीही उपयोगी पडते.

तिसरे साधन म्हणजे ऊस व भुईमुगासाठी वापरली जाणारी रेनगन. ही अग्निशमनाच्या तोफेची धाकटी बहीणच म्हणावी लागेल. बैठकीवर बसविलेली, निमुळत्या तोटीची व गोल फिरणारी. १४ मिमी तोटीच्या रेनगनमधून ३.५ बार दाबाखाली मिनिटास सुमारे २४५ लिटर पाणी निघते. पेटलेली गंजी विझविण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही. परंतु न पेटलेल्या गंज्या व गोठ्याचे छप्पर यांवर सतत पाऊस पाडीत राहण्याचे काम ती माणसाविना करते, व हात मोकळे राहतात. ज्यांच्याकडे रेनगन आहे त्यांनी एकदा कोरड्या दिवशी ती गंज्यांजवळ उभी करून पाणी कोठवर पोचते ते पाहून ठेवावे.

बंब आल्यावर पाणी कोठून?

गावात येणाऱ्या साध्या बंबाच्या टाकीत साधारण ४,५०० लिटर पाणी असते. तोफ पूर्ण जोराने सोडल्यास ते दोन मिनिटेही पुरत नाही. त्यानंतर बंब पाणी आणण्यास परत गेला तर मधल्या वेळेत आग पुन्हा उठते. पुष्कळ ठिकाणी बंब उशिरा आला असा बोभाटा होतो; परंतु तो वेळेवर येऊनही रिकामा उभा राहिला, हे दृश्य तितकेच सामान्य आहे व त्यावरील उपाय गावाच्या हाती आहे.

बंबाचा पंप ओढनळीने पाणी वर घेऊ शकतो, पण त्यास मर्यादा आहे. हवेचा दाब फार तर १० मीटर पाणी चढवितो. व्यवहारात ७ मीटरच्या पुढे भरवसा धरता येत नाही. उन्हाळ्यात बहुतेक विहिरींचे पाणी याहून खोल गेलेले असते. अशा विहिरीच्या काठी बंब उभा राहिला तरी त्याला थेंबही मिळत नाही. तिथे शेतकऱ्याच्या पंपानेच पाणी वर काढून बंबाच्या टाकीत सोडावे लागते. मिनिटास ५०० लिटर देणारा पंप ही टाकी नऊ मिनिटांत भरतो. बंबाच्या ६३ मिमी नळ्यांचे जोड व शेतातील पीव्हीसी किंवा एचडीपीई नळांचे जोड एकमेकांस बसत नाहीत, म्हणून शेतातील नळाचे मोकळे टोक टाकीच्या वरच्या झाकणातून आत सोडावे. तेवढी लांब व लवचीक नळी पंपाजवळ असणे अगत्याचे आहे.

शेततळ्याची स्थिती याहून पुष्कळ चांगली असते. ३० × ३० × ३ मीटरच्या, एकास एक उताराच्या शेततळ्यात काठोकाठ २,१९६ घनमीटर पाणी मावते. मिनिटास २,५०० लिटर ओढणारी तोफ त्यावर चौदा तासांहून अधिक चालेल. तळे चतुर्थांश भरलेले असले तरी कडब्याच्या आगीस ते उदंड झाले. अडचण पाण्याची नसून वाटेची असते. पाण्यासह बंबाचे वजन दहा टनांहून अधिक भरते. काळ्या जमिनीत पावसाळ्यानंतर तो रुतून बसतो. तळ्याच्या एका बाजूस मुरूम टाकून पक्की जागा करावी व तिथवर जाणारी वाट कुंपण घालून अडवू नये. तळ्यास प्लॅस्टिकचे अस्तर असेल तर ओढनळीची जाळी त्यावर घासून अस्तर फाटते. जाळीखाली जुनी टोपली किंवा टायर घालावा. अस्तराचा उतार अत्यंत निसरडा असतो आणि गडबडीत माणूस पाण्यात घसरतो. काठावर खुंट्याला बांधलेला दोर कायम सोडून ठेवावा.

विजेविषयी

अखंड धारेतून वीज वाहते. तुटलेल्या तारेवर किंवा रोहित्रावर पाण्याचा सरळ झोत पडल्यास तोटी धरणारा माणूस जागीच दगावू शकतो. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तारांच्या दिशेने पाणी मारू नये. वीजपुरवठा बंद करण्यासाठी १९१२ या क्रमांकावर, व बंबासाठी १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. कळविताना गावाच्या नावाबरोबर गट क्रमांक, जवळचे पाणी कोठे आहे व मोठे वाहन कोणत्या वाटेने येईल, हेही सांगावे. एक माणूस फाट्यावर उभा करावा.

येथे एक पेच उद्भवतो. वीज बंद केली की विजेचा पंपही बंद पडतो, आणि ज्या पाण्यावर सारी भिस्त तेच थांबते. या कारणास्तव वस्तीवर एखादे तरी डिझेल इंजिन किंवा ट्रॅक्टरवर चालणारा पंप चालू स्थितीत ठेवावा. जुने इंजिन अडगळीत टाकून विजेवर संपूर्ण विसंबणे सोयीचे वाटते खरे, परंतु आगीच्या वेळी ती सोय राहत नाही. ते पंधरा दिवसांतून एकदा सुरू करून पाहिल्याखेरीज त्यावर भरवसा ठेवू नये.

गंजी रचताना

सर्व कडबा एका मोठ्या गंजीत न घालता तीन-चार लहान गंज्या कराव्यात व त्यांच्यात पंधरा-वीस मीटर अंतर राखावे. जागा अपुरी असल्यास निदान दोन गंज्या गोठ्याच्या दोन विरुद्ध बाजूंस घालाव्यात. तारांखाली गंजी कदापि रचू नये.

ओलसर चारा रचल्यास तो आतून आपोआप तापतो. गवतात वीस टक्क्यांहून अधिक ओल असता हा धोका वाढतो. गंजीतून कुबट, करपट वास येऊ लागल्यास लोखंडी सळई मधोमध खुपसून काही वेळाने बाहेर काढून पाहावी. ती हातात धरवत नसेल तर गंजी उकलण्याची घाई करू नये. आतील उष्णता ६५ अंशांच्या पुढे गेलेली असल्यास हवा लागताच ती पेटू शकते. प्रथम पाणी व माणसे तयार ठेवावीत, बंबास कळवावे, मगच वरून थर काढण्यास प्रारंभ करावा. अशा गंजीवर चढू नये; आतील भाग जळून पोकळ झालेला असल्यास माणूस खाली जातो.

आग विझल्यावरही गंजीच्या राशीवर तीन-चार दिवस रात्रंदिवस पहारा ठेवावा. राखेखाली धुमसणारा बुंधा वाऱ्याने पुन्हा पेटल्याची उदाहरणे थोडी नाहीत. भिजून अर्धवट जळालेला कडबा दोन दिवसांतच बुरशी धरतो, व साबण किंवा पसरविणारे द्रव्य वापरलेले असल्यास तो जनावरांस घालण्यास मुळीच योग्य राहत नाही. पंचनामा होईपर्यंत तो हलवू नये. त्यानंतर पूर्ण थंड झाल्याची खात्री करून कंपोस्टच्या खड्ड्यात शेणकाल्यासह थराथराने भरावा.